चाळिशीनंतरची अक्षरओळख

(वार्षिक मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



कशावर बोलाल, असे संयोजकांनी विचारले तेव्हा मी म्हटले, कम्युनिटी कॉलेजात ग्राफिक डिझाइन शिकण्यावर बोलेन. फोनवर क्षणभर शांतता पसरली. मग अगदी सौजन्याने प्रश्न आला, "म्हणजे आपण तिथे शिकवता का?" नाही. मी तिथे शिकते. गेली तीन वर्षे, आठवड्यातून दोन संध्याकाळी, सहा ते नऊ. दिवसा मी प्रयोगशाळेत प्रथिनांच्या रचनेवर काम करते, माझी डॉक्टरेट त्याच विषयातली आहे आणि ती नोकरी सोडण्याचा माझा विचार नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण माझी नोकरी गेली की काय अशी काळजीही काही जणांनी केली!

संयोजकांचा प्रश्न मला लागला नाही. पण त्यामागची समजूत तपासून पाहण्यासारखी आहे. पीएचडी झालेले माणूस कम्युनिटी कॉलेजात असेलच तर ते फळ्याच्या बाजूला असणार, बाकांच्या बाजूला नाही. आपल्या लोकांत 'कम्युनिटी कॉलेज' हे शब्द कसे उच्चारले जातात ते आठवा. आवाज जरा खाली येतो. अमक्यांचा मुलगा 'शेवटी' कम्युनिटी कॉलेजात गेला. त्या 'शेवटी'त सगळे आले. माझ्या माहितीतल्या एका मुलाने हायस्कूलनंतर दोन वर्षे कम्युनिटी कॉलेज आणि मग युनिव्हर्सिटीत ट्रान्स्फर असा रस्ता विचार करून निवडला. घरच्यांचा पाठिंबाही होता. पण गणपतीच्या कार्यक्रमात कोणी विचारले तर "गॅप इयर घेतोय" असे सांगायचे, असे त्याला बजावण्यात आले होते. त्याने मला हे हसत हसत सांगितले. मला काही हसू आले नाही.

आधी थोडा इतिहास. तो आपल्या मंचाच्या जिव्हाळ्याचाच आहे. १९०१ साली इलिनॉयमधल्या जोलिएट गावात हायस्कूलला जोडून कॉलेजची पहिली दोन वर्षे शिकवायला सुरुवात झाली. सुरुवातीला विद्यार्थी होते सहा. ज्या मुलांना गाव सोडून जाणे परवडत नाही त्यांना गावातच शिकता यावे, एवढीच त्यामागची कल्पना. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ मध्ये, राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी नेमलेल्या आयोगाचा अहवाल प्रसिद्ध होऊ लागला. 'कम्युनिटी कॉलेज' हे नाव रूढ झाले ते त्या अहवालामुळे. पहिली दोन वर्षे फीशिवाय मिळावीत, आणि उच्च शिक्षणातला वंशभेद व धर्मभेद संपवावा, असे त्या आयोगाने स्पष्ट म्हटले होते. लक्षात घ्या, शाळांमधला वंशभेद घटनाबाह्य ठरवणारा सुप्रीम कोर्टाचा निकाल त्यानंतर सात वर्षांनी, १९५४ मध्ये आला.

मी राहते त्या कॅलिफोर्नियात १९८४ पर्यंत या कॉलेजांत ट्यूशन फी नव्हतीच. आज राज्यात अशी ११६ कॉलेजे आहेत आणि विद्यार्थी वीस लाखांच्या आसपास. प्रवेशासाठी निबंध नाही, शिफारसपत्र नाही, सॅट नाही. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या कोणालाही दार उघडे. मला प्रयोगशाळेत येऊन पंधरा वर्षे झाली, पण 'तुम्ही कोण' असे न विचारता आत घेणारी संस्था मी या देशात दुसरी पाहिलेली नाही. पब्लिक लायब्ररीचा अपवाद अर्थात आहे.

आणि संध्याकाळचा वर्ग ही कल्पना आपल्याला परकी कुठे आहे? जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८५५ साली पुण्यात शेतकरी-कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू केले तेव्हा नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून वर्ग सकाळी ठेवले. आपल्या प्रत्येक कार्यक्रमात यांच्या तसबिरींना हार घातले जातात. त्याच कार्यक्रमाला आलेल्यांना नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांच्या कॉलेजची लाज वाटावी, हे मला न सुटलेले कोडे आहे.

आता वर्गात जाऊ या.

पहिल्या दिवशी मी नवा लॅपटॉप घेऊन गेले होते. पहिले सहा आठवडे तो उघडायची वेळच आली नाही. पहिला गृहपाठ असा होता: पांढरा कागद, त्यावर एकाच मापाचे चार काळे चौकोन. चौकोन एकमेकांना चिकटवा, एकावर एक ठेवा, तिरके करा, कागदाबाहेर निम्मे जाऊ द्या. पण चौकोन चारच आणि रंग काळाच. एवढ्या सामग्रीत सहा शब्द दाखवायचे: शिस्त, वाढ, धिटाई, गर्दी, तणाव, खेळकरपणा. डिझाइनच्या शिक्षणात हा गृहपाठ जुना आणि प्रसिद्ध आहे. ऐकायला बालवाडीतला वाटतो. मी त्यावर दोन शनिवार-रविवार घालवले.

'गर्दी' घ्या. चार चौकोनांची गर्दी कशी करणार? बहुतेकांनी, मीसुद्धा, चारही चौकोन कागदाच्या मधोमध दाटीवाटीने ठेवले. ते गठ्ठ्यासारखे दिसले, गर्दीसारखे नाही. आमच्या वर्गात रात्रपाळीला वेअरहाउसमध्ये काम करणारा एक पंचविशीचा मुलगा आहे. त्याने चारही चौकोन एका कोपऱ्यात ढकलले, दोन तर कडेबाहेर अर्धे कापले गेले, आणि उरलेला सगळा कागद कोरा ठेवला. पाहताक्षणी श्वास कोंडला. गर्दी दाखवायला रिकामी जागा लागते, हे त्याला कळले होते. 'तणाव' दाखवताना त्याने तीन चौकोन तळाशी नीट ओळीत लावले आणि चौथा तिरका करून, त्याचे टोक तिसऱ्याच्या वर जेमतेम दोन मिलिमीटरवर थांबवले. टेकले असते तर तणाव संपला असता, आणि बोटभर अंतर असते तर सुरूच झाला नसता. प्रयोगशाळेत आम्ही ज्याला पॅरामीटर शोधणे म्हणतो तेच हे. फक्त मोजायचे उपकरण म्हणजे डोळा.

दुसरी गोष्ट क्रिटिकची. सगळ्यांची कामे भिंतीवर लागतात. ज्याचे काम त्याने गप्प बसायचे आणि इतरांनी आपल्याला काय दिसते तेवढे सांगायचे. 'छान आहे' किंवा 'आवडले नाही' चालत नाही. 'माझी नजर आधी इथे गेली, मग इथे अडली' असे बोलायचे. आपल्या क्षेत्रातला पीअर रिव्ह्यू निनावी असतो, परीक्षक पडद्याआड असतात आणि लेखक नंतर पानेच्या पाने उत्तरे लिहितो. इथे परीक्षकाचे तोंड दिसते आणि लेखकाला तोंड उघडायची परवानगी नाही. 'तुमच्या मनात काय होते' याला शून्य किंमत. जे कागदावर उतरले नाही ते नाहीच. आमच्या ग्रुप मीटिंगमध्ये ही पद्धत आणावी, असे मी सुचवून पाहिले. तूर्त तरी तो ठराव बारगळला आहे.

माझ्या शेजारी बसणारी मंडळी कोण? नर्सिंग होममध्ये काम करणारी एक बाई. वडिलांबरोबर दुकानांच्या पाट्या रंगवणारा एक मेक्सिकन वंशाचा मुलगा. ब्रश हातात आला की आमच्यात सगळ्यात वरचढ तोच. बस चालवून निवृत्त झालेले, सत्तरीला टेकलेले एक गृहस्थ. त्यांना आपल्या चर्चची पत्रके 'बघवत नाहीत' म्हणून ते शिकायला आले. आणि नागपूरची एक आर्किटेक्ट मुलगी. तिच्याकडे नंतर येते.

जरा हात वर करा बरे: तुमच्यापैकी किती जणांनी शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या चित्रकलेच्या परीक्षा दिल्या आहेत? (जवळजवळ सगळे हात वर.) आणि त्यानंतर पेन्सिल कोणी हातात धरली? (तीन हात.) पाहा. स्थिरचित्र, संकल्पचित्र, कर्तव्यभूमिती आणि अक्षरलेखन असे पेपर होते. अक्षरलेखनाचा पेपर! म्हणजे टायपोग्राफीची अक्षरओळख आपल्याला तेराव्या-चौदाव्या वर्षी झाली होती. मग दहावी आली आणि 'आता चित्रकला पुरे' झाले. हुशार मुलाने हाताचे काम मागे टाकायचे असते, हे कोणी मोठ्याने सांगितले नाही. सांगावे लागलेच नाही.

हे केवळ मार्कांचे गणित नाही. जातिव्यवस्था ही नुसती श्रमांची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, असे बाबासाहेबांनी १९३६ मध्ये मांडले. डोक्याचे काम वरचे आणि हाताचे खालचे, हा त्याच व्यवस्थेचा संस्कार आपण व्हिसाच्या कागदपत्रांबरोबर इथवर घेऊन आलो. मराठी छपाईचा इतिहास पाहिला तर या संस्काराचा फोलपणा उघड होतो. गंमत म्हणजे त्यात अमेरिकेचाही धागा आहे. मुंबईतल्या अमेरिकन मिशनच्या छापखान्यात काम शिकलेल्या गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये शिळाप्रेसवर मराठी पंचांग छापले. त्याच मिशनच्या छापखान्यात लहानपणी खिळे घासायचे काम करणाऱ्या, बेताचेच शिक्षण झालेल्या जावजी दादाजींनी १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला. पुढे देशभरचे पंडित ज्या पोथ्या आणि संस्कृत ग्रंथ वाचत, त्यांतल्या कितीतरी निर्णयसागरच्या टाइपात छापलेल्या होत्या. ग्रंथ कोणी रचला ते मुखपृष्ठावर असते. खिळे कोणी कापले आणि जुळवले ते नसते.

माझ्या स्वतःच्या विषयातही हेच दिसते. प्रथिनाचे चित्र म्हटले की वळलेल्या फिती आणि चपटे बाण डोळ्यांपुढे येतात. पाठ्यपुस्तकापासून औषध कंपनीच्या जाहिरातीपर्यंत तेच. हे रूढ केले जेन रिचर्डसन यांनी, १९८१ मधल्या त्यांच्या लेखातून, आणि ती चित्रे त्यांनी हाताने काढली होती. हजारो अणूंच्या गुंत्यातून काय ठेवायचे आणि काय वगळायचे हा निर्णय आधी पेन्सिलीने झाला, संगणकाने तो नंतर उचलला. रिचर्डसन यांची पदवी तत्त्वज्ञानातली. पीएचडी त्यांनी केलेली नाही. त्यांची रेखाटने मी वीस वर्षे वापरत होते. पण ती रेखाटने म्हणून मला दिसली ती टायपोग्राफीच्या वर्गानंतर.

दुसरे उदाहरण आलेखांचे. वर्षानुवर्षे शास्त्रज्ञ आपले आकडे इंद्रधनुष्याच्या रंगांत रंगवत आले: निळ्यापासून लालपर्यंत. दिसायला झकास. पण डोळ्याला पिवळा पट्टा सगळ्यात उजळ दिसतो, म्हणून आकड्यांत जिथे काहीच विशेष घडत नाही तिथेही एक कडा भासते. शिवाय उत्तर युरोपीय वंशाच्या बारांतल्या एका पुरुषाला लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही. मॅटलॅबने २०१४ मध्ये आणि मॅटप्लॉटलिबने २०१७ मध्ये ही रंगसंगती मूळ निवडीतून काढली. आमच्या रंगाच्या वर्गात हे तिसऱ्या आठवड्यात शिकवतात, तेही कागदाचे तुकडे शेजारी शेजारी ठेवून. पाट्या रंगवणाऱ्या मुलाला ते आधीच ठाऊक होते.

कोणी म्हणेल, हे सगळे सजावटीचे प्रश्न. तर मग नोव्हेंबर २००० आठवा. आपल्यातले बरेच जण तेव्हा इथे नवे होते आणि टीव्हीपुढे डोके धरून बसले होते. फ्लॉरिडातल्या पाम बीच काउंटीत उमेदवारांची नावे मतपत्रिकेच्या दोन्ही पानांवर होती आणि भोके पाडायची जागा मधोमध. डाव्या पानावर अल गोर यांचे नाव दुसरे, पण त्यांचे भोक तिसरे. दुसरे भोक उजव्या पानावरच्या पॅट ब्युकॅनन यांचे. त्या काउंटीत ब्युकॅनन यांना सुमारे ३,४०० मते पडली, राज्यात इतर कुठेही पडली नव्हती इतकी. एकापेक्षा जास्त भोके पडल्याने बाद झालेल्या मतपत्रिका एकोणीस हजारांवर. आणि राज्याचा निकाल लागला ५३७ मतांनी. यात मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा तपशील असा: ही मांडणी कोणी कपटाने केलेली नव्हती. वयस्कर मतदारांना वाचता यावे म्हणून अक्षर मोठे केले, म्हणून नावे एका पानावर मावेनात, म्हणून दोन पाने झाली. हेतू चांगला होता. क्रिटिकच्या भिंतीवर ती मतपत्रिका दहा मिनिटे लावली असती, तर मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणाले असते, "माझी नजर इथे अडली."

याच्या उलट चित्र आपल्याकडचे. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत बहुसंख्य मतदारांना वाचता येत नव्हते. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी आणि पेटीवर त्याचे चिन्ह: बैलजोडी, झोपडी, हत्ती. न वाचणाऱ्या माणसाला गृहीत धरून मांडणी केली आणि त्याच्यावर लोकशाही उभी राहिली. आपण त्याला डिझाइन म्हणत नाही, एवढेच.

देवनागरीबद्दल दोन शब्द बोलल्याशिवाय मला राहवणार नाही. टायपोग्राफीच्या दुसऱ्या कोर्सात मी एक पोस्टर मराठीत केले. आमच्या शिक्षकांना त्यातले अक्षरही कळत नव्हते. त्यांनी पाच मिनिटे पाहून विचारले, "ही लिपी वरून टांगलेली आहे का?" रोमन अक्षरे तळरेषेवर उभी असतात, आपली शिरोरेषेला लोंबतात, आपल्याला हे पहिलीपासून ठाऊक आहे आणि तरीही आपण त्याचा विचार करत नाही. मग ते म्हणाले, वरच्या ओळीची शेपटे खालच्या ओळीच्या टोप्यांना लागताहेत. वेलांटी, मात्रा, रफार वर आणि उकार खाली, म्हणून देवनागरीला दोन ओळींत इंग्रजीपेक्षा जास्त अंतर लागते. त्या अंतराला लेडिंग म्हणतात, कारण पूर्वी तिथे शिशाच्या पट्ट्या घालत. आपल्या मंडळांची बहुतेक पत्रके इंग्रजीसाठी ठरवलेल्या अंतरावर मराठी ओततात आणि मग 'डोळे शिणतात, मराठी वाचवत नाही' अशी मुलांची तक्रार येते. तक्रार भाषेबद्दल नसते हो, ओळींबद्दल असते!

तसेच 'ल' आणि 'श'चे. मराठी वळणाचा ल आणि श हिंदीहून वेगळे आहेत. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने ती वळणे प्रमाण ठरवली. पण संगणकावर मजकुराची भाषा मराठी आहे हे सांगितले नाही, तर बरेच फॉन्ट हिंदी वळण देतात. मुंबईच्या 'एक टाइप' या गटाने 'मुक्ता'सारखे देखणे फॉन्ट फुकट उपलब्ध करून दिले आहेत. त्याआधी विंडोजबरोबर येणाऱ्या 'मंगल'ची अक्षरे र. कृ. जोशींची. आपल्यातल्या किती जणांनी आयुष्यातली पहिली मराठी ईमेल मंगलमध्ये वाचली असेल! त्या अक्षरांना एक कर्ता आहे हे मलाही कॉलेजात यायच्या आधी कधी सुचले नव्हते.

आता ती नागपूरची मुलगी. आर्किटेक्चरची पदवी, पुण्यात चार वर्षे काम, मग लग्न आणि एच-फोर व्हिसा. त्या व्हिसावर नोकरी करता येत नसे. शिकता मात्र येते. २०१५ पासून, नवऱ्याच्या ग्रीन कार्डचा अर्ज एका टप्प्याला पोहोचला असेल तर, काही जणींना कामाचा परवाना मिळू लागला. तोपर्यंतची वर्षे काय करायचे? आपल्या किती घरांत हा प्रश्न जेवणाच्या टेबलावर न बोलता बसलेला असतो. तिने आधी एकच कोर्स घेतला, घराबाहेर पडायला म्हणून. आता तिचा पोर्टफोलिओ तयार आहे. तिची सासू मात्र नातेवाइकांना सांगते, "सध्या घरीच असते, काहीतरी क्लास करते." हा 'क्लास' म्हणजे आठवड्याला वीस तासांचे काम आहे, हे मी शेजारी बसून पाहते.

हे सगळे ऐकून कम्युनिटी कॉलेज म्हणजे नंदनवन असे वाटले तर तेही खोटे. दार उघडे आहे, पण आत आलेल्यांतले बरेच जण काही पदरात न पाडता बाहेर पडतात. पोरे नालायक असतात म्हणून नव्हे. शिफ्ट बदलते, गाडी बिघडते, आई आजारी पडते. आमच्या पहिल्या वर्गात अठ्ठावीस जण होते, शेवटच्या दिवशी सतरा. बहुसंख्य शिक्षक अर्धवेळ. आमचे टायपोग्राफीचे शिक्षक तीन कॉलेजांत शिकवतात. त्यांचे ऑफिस म्हणजे त्यांच्या गाडीची डिकी. अशांना इथे 'फ्रीवे फ्लायर' म्हणतात. विनोदी नाव आहे, पगार विनोदी नाही. राज्याची तिजोरी आटली की पहिली कुऱ्हाड इथे पडते: २००९ मध्ये युनिटची फी २० डॉलरवरून २६, २०११ मध्ये ३६ आणि २०१२ मध्ये ४६ झाली. तरीही तीन युनिटांचा कोर्स १३८ डॉलरला पडतो. आपल्यापैकी अनेकांचे एका संध्याकाळचे बाहेरचे जेवण. पण माझ्या शेजारच्या बाकावर ती रक्कम मोजून काढली जाते. सॉफ्टवेअर तर आता विकतच मिळत नाही, दरमहा भाडे भरावे लागते. म्हणून लॅब बंद व्हायच्या वेळेपर्यंत तिथे माणसे बसलेली असतात.

मग मी एखाद्याची जागा अडवते का? हा प्रश्न मला विचारला गेला आहे आणि तो रास्त आहे. कॅलिफोर्नियाने १९९३ ते १९९५ मध्ये आधीच पदवी असलेल्यांना युनिटमागे ५० डॉलर फी लावून पाहिली होती. आज फी सारखीच आहे, पण नोंदणीच्या रांगेत नवी आणि पदवीकडे निघालेली मुले आधी, माझ्यासारखे शेवटी. जागा उरली तरच मी वर्गात. हे मला योग्य वाटते. पण आमच्यासारख्यांना अजिबात बाहेर ठेवावे, हे मात्र पटत नाही. ज्या संस्थेत फक्त गरजू येतात तिच्यासाठी भांडायला मतदारसंघ उरत नाही. सरकारी शाळांतून मध्यमवर्ग उठून गेल्यावर त्यांचे काय झाले ते आपण महाराष्ट्रात पाहिले आहे. दुसरे म्हणजे, वेअरहाउसमधल्या मुलाबरोबर मी एकाच भिंतीपुढे उभी राहते अशी दुसरी जागा माझ्या आयुष्यात नाही. तुमच्या आयुष्यात असेल तर मला जरूर सांगा.

एका गोष्टीचे उत्तर माझ्याकडे नाही. २०२२ पासून, शब्द टाइप केले की चित्र करून देणारी यंत्रे आली. लहान दुकानांचे लोगो, पत्रके, मेनूकार्डे ही कामे झपाट्याने त्यांच्याकडे जात आहेत, आणि माझ्या वर्गातल्या मुलांची पहिली नोकरी नेमकी तीच असणार होती. माझा पगार यावर अवलंबून नाही, म्हणून 'खरी कला टिकेलच' असले दिलासे देणे मला शोभत नाही. पाट्या रंगवणारा मुलगा म्हणतो, भिंतीवर चढायला अजून माणूसच लागतो. तो हसतो, पण त्याने यंदा वेल्डिंगच्या कोर्सातही नाव घातले आहे. त्याच कॉलेजात, त्याच फीत.

कोणाला यायचे असेल तर थोडी व्यवहारातली माहिती. सॉफ्टवेअरच्या नावाचा कोर्स आधी घेऊ नका. टू-डी डिझाइन किंवा टायपोग्राफीपासून सुरुवात करा, सॉफ्टवेअर वाटेत येतेच. पहिल्या दिवशी वर्ग भरलेला दिसला तरी जाऊन बसा. दुसऱ्या आठवड्यात जागा होतात. मुले हायस्कूलमध्ये असतील तर त्यांनाही काही कोर्स घेता येतात. आणि ट्रान्स्फरचा विचार असेल तर कोणता कोर्स कुठल्या युनिव्हर्सिटीत मोजला जातो याच्या याद्या आधी पाहा, काउन्सेलरना भेटा. कॅल स्टेटच्या पदवीधरांपैकी जवळजवळ निम्मे कम्युनिटी कॉलेजातून आलेले असतात, हे गणपतीत बिनधास्त सांगा.

बाहेर चहाच्या टेबलाशेजारी माझ्या वर्गातल्या काही जणांची चार चौकोनांची कामे, त्यांच्या परवानगीने, लावली आहेत. शब्द कागदाच्या मागे लिहिले आहेत. आधी चित्र पाहा, कोणता शब्द असेल ते ठरवा आणि मगच कागद उलटा. आता प्रश्न असतील तर घेऊ.